सनद चालू ठेवून कमावणे : सांगली जिल्ह्यातील एका विधी पदवीधर मुलीचे प्रकरण

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात निकाल देऊन दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. अमरावतीचे सुपुत्र असलेले तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने हा निकाल दिला. ही अट अगदी नवी नव्हती. १९९३ च्या निकालाने ती आणली होती आणि न्यायाधीशांच्या वेतन व सेवाशर्तींसाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर २००२ मध्ये ती काढली गेली होती. त्यानंतरच्या दोन दशकांत मात्र पदवी हाती पडताच थेट न्यायाधीशपदाची परीक्षा देता येते हे गृहीत धरून तयारी करणारी एक पिढीच उभी राहिली. निकाल आला तेव्हा आमच्या महाविद्यालयात तीन वर्षांच्या विधी पदवीची शेवटची परीक्षा देत असलेली एक विद्यार्थिनी याच पिढीतली होती. तिचे नाव आणि तालुका येथे दिलेला नाही. तिच्यापुढे जो पेच उभा राहिला तो आज जिल्ह्याच्या ठिकाणी कायदा शिकणाऱ्या असंख्य मुलामुलींचा आहे, म्हणून तो सविस्तर नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

महाराष्ट्रात ही परीक्षा लोकसेवा आयोगामार्फत होते आणि मुले तिला सरळ ‘जेएमएफसी’ (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाचे इंग्रजी लघुरूप) म्हणतात. शंभर गुणांची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षेच्या शंभर-शंभर गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका आणि पन्नास गुणांची मुलाखत असे तिचे स्वरूप आहे. आपल्या सेवानियमांत वकिलांसाठी एक आणि नव्या पदवीधरांसाठी दुसरी अशा दोन वाटा होत्या. सर्व परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेल्या, शेवटच्या वर्षी किमान ५५ टक्के मिळवणाऱ्या आणि वयाची पंचविशी न ओलांडलेल्या मुलांना दुसऱ्या वाटेने जाता येत असे. या मुलीने दुसऱ्या वर्षापासून सगळी आखणी त्या वाटेवर केली होती. एकाही विषयात राहायचे नाही या हट्टापायी तिने गावातली लग्नकार्येसुद्धा टाळली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती वाटच बंद झाली.

घरची परिस्थिती सांगणे भाग आहे, कारण या प्रकरणातला खरा प्रश्न तिथेच आहे. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत, दीड एकर ऊस आहे आणि धाकटा भाऊ अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली असून मराठी आणि इंग्रजी टंकलेखनाच्या शासकीय परीक्षा तिने पदवीच्या काळातच उत्तीर्ण केल्या होत्या. ही शेवटची गोष्ट तिने आपल्या माहितीपत्रात अगदी तळाशी, छंदांच्या ओळीच्या वर लिहिली होती.

जूनमध्ये ती वडिलांना घेऊन महाविद्यालयाच्या मार्गदर्शन कक्षात माझ्याकडे आली. निकाल योग्य की अयोग्य यावर वडिलांना काही म्हणायचे नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “मॅडम, तीन वर्षं पोरीनं नुसतं राबायचं, आन् पदरात काय?” या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे सोपे नव्हते. नवोदित वकिलाला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलेले आहे; पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या न्यायालयात ज्या सिनिअर वकिलांनी तिला कार्यालयात घ्यायची तयारी दाखवली होती त्यांनी महिना सहा हजार सांगितले होते. आसपासची कार्यालये पाहता तो आकडा कमी म्हणावा असाही नव्हता.

तिच्या हातात आणखी दोन प्रस्ताव होते. तालुक्यातील एका पतसंस्थेला कर्जवसुलीचे कायदेशीर काम पाहण्यासाठी अधिकारी हवा होता आणि पगार अठरा हजार ठरला होता. पुण्यातील एका कंपनीत करार तपासण्याचे आणि त्यांच्या मुदती सांभाळण्याचे काम होते, पगार त्याहून अधिक होता. पण खोलीभाडे आणि खानावळ वजा जाता घरी पाठवायला फारसे उरले नसते. शिवाय महाविद्यालयाच्या एका कार्यक्रमात वाटलेली ‘विधी पदवीधरांसाठी करिअरच्या संधी’ अशी एक छापील यादी तिच्याकडे होती. तिच्यात बँकेतील विधी अधिकाऱ्यापासून कंपनी सचिव, पत्रकारिता, अध्यापन, मध्यस्थी, स्पर्धा परीक्षा आणि स्वयंसेवी संस्थांपर्यंत सारे काही होते. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे तिने पेन्सिलीने टिकमार्क किंवा फुली केली होती. मला ती यादी पाहून वाईट वाटले, कारण तिच्यात एकही गोष्ट खोटी नव्हती आणि तरीही निर्णय घ्यायला तिचा काडीचाही उपयोग नव्हता.

यादीत नसलेला प्रश्न

यादी निरुपयोगी का होती, हे समजायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील नियम ४९ पाहावा लागतो. वकिली चालू असेपर्यंत वकिलाला कोणत्याही व्यक्तीचा, सरकारचा, फर्मचा, कंपनीचा वा संस्थेचा पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. अशी नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. म्हणजे पतसंस्थेची नोकरी आणि पुण्यातील नोकरी यांत पगाराचा आणि अंतराचा फरक होता, पण न्यायाधीशपदाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच होत्या. दोन्हीकडे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बाजूला ठेवावी लागली असती आणि तीन वर्षांची मोजणी सुरूच झाली नसती. यादीतील बँकेच्या विधी अधिकाऱ्याचे पद तर आणखी विचित्र ठिकाणी आहे : त्या भरतीसाठी वकील म्हणून नोंदणी झालेली असावी लागते आणि नोकरीत रुजू झाल्यावर वकिली थांबते.

त्यामुळे यादीतल्या पर्यायांची विभागणी ‘न्यायालयाच्या आतले’ आणि ‘बाहेरचे’ अशी करून भागत नाही. सनद चालू ठेवून करता येणारी कामे कोणती आणि सनद बाजूला ठेवावी लागणारी कामे कोणती, अशी ती करावी लागते. दुसऱ्या प्रकारच्या कामांत कमीपणा मुळीच नाही. ज्या मुलाला न्यायाधीश व्हायचेच नाही, ज्याला कंपनीच्या विधी विभागात मन लावून काम करायचे आहे, त्याने सनदेचा विचार न करता तिकडे जावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्याच महिन्यात वैयक्तिक डिजिटल विदा (डेटा) संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले. साखर कारखान्यापासून रुग्णालयापर्यंत प्रत्येकाला आता हे कायदे वाचून सांगणारा माणूस लागणार आहे. सहकाराच्या आपल्या पट्ट्यात विधी पदवीला जी.डी.सी. अँड ए. या सहकार व लेखाकर्माच्या शासकीय पदविकेची जोड दिली तर लेखापरीक्षणाचे एक संपूर्ण क्षेत्र उघडते. पण या मुलीला न्यायाधीशच व्हायचे होते आणि आपल्या निवडीची ही बाजू तिला कोणी सांगितलेलीच नव्हती.

या टप्प्यावर तिने एक प्रश्न विचारला, तो अनेक विद्यार्थी दबक्या आवाजात विचारतात : सनद काढून ठेवायची, नोकरीही करायची आणि ओळखीच्या वकिलाकडून तीन वर्षांचा दाखला घ्यायचा, तर कोण पाहते? याचे उत्तर मी तिला फार स्पष्ट शब्दांत दिले आणि येथेही देते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हा दाखला किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाने द्यायचा असून त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. खोटी नोंद करून घेतलेला दाखला म्हणजे अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली व्यावसायिक गैरवर्तन तर आहेच, पण पुढे न्यायासनावर बसलेल्या माणसाच्या सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानाखाली ते असत्य कायम पडून राहते. पगाराच्या नोंदी, भविष्य निर्वाह निधीचे खाते, प्राप्तिकराची विवरणपत्रे हे सारे कागद मागे राहतात. तिने तो विचार तिथेच सोडला. तो मनात आला याचा तिला दोष देता येत नाही; तीन वर्षे विनापगार काढा असे सांगणारी व्यवस्था मुलांना त्या दिशेला ढकलतेच.

माझे स्पष्ट मत येथे नोंदवते. ज्याने न्यायालयात एकही उलटतपास पाहिलेला नाही त्याने साक्षीदाराच्या खरेखोटेपणाचा निर्णय करू नये, हे न्यायालयाचे म्हणणे मला पटते. पण या अनुभवाची किंमत न्यायसंस्था भरत नाही, ती मुलांच्या घरांनी भरायची आहे. आणि ज्या घरात वकिली आधीपासून आहे त्याला ती जाणवतही नाही. मागण्यासारखी पहिली गोष्ट विद्यावेतनाची सक्ती ही आहे.

पगारपत्रक की वकीलपत्र

सनद चालू ठेवून काय काय करता येते, हे आम्ही नियमांतूनच शोधले. नियम ५१ या बाबतीत बराच उदार आहे. विधी परीक्षांसाठी विद्यार्थ्यांना शिकवणे, प्रश्नपत्रिका काढणे व तपासणे, कायद्याच्या पुस्तकांचे संपादन करणे, वृत्तपत्रांसाठी मजकूर कायद्याच्या दृष्टीने तपासून देणे ही कामे वकिलाला मोबदला घेऊन करता येतात. जाहिरातबाजी आणि पूर्णवेळ नोकरी टाळून व्याख्याने, लेखन आणि अध्यापनही करता येते. विधी महाविद्यालयात शिकवायचे असेल तर दिवसाला तीन तासांपर्यंत मुभा आहे. हे नियम पहिल्या वर्षाच्या व्यावसायिक नीतिमत्तेच्या पेपरात पाठ केले जातात आणि परीक्षा झाली की विसरले जातात. आपल्या पोटापाण्याशी त्यांचा काही संबंध आहे, हे मुलांच्या लक्षातच येत नाही.

पतसंस्थेच्या प्रस्तावाकडे आम्ही पुन्हा नीट पाहिले तेव्हा या प्रकरणाला खरी कलाटणी मिळाली. संस्थेला नेमके काय हवे होते? थकबाकीदारांविरुद्ध महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक कार्यालयात अर्ज तयार करणे, खातेउतारे आणि करारपत्रे जोडणे, सुनावणीला हजर राहणे, वसुली दाखला मिळवणे आणि पुढे जप्तीच्या टप्प्यावर वसुली अधिकाऱ्याला कागद तयार करून देणे. यातले जवळजवळ सगळे काम वकील म्हणून, प्रत्येक अर्जामागे फी घेऊन करता येण्याजोगे होते. तेच काम पगारपत्रकावर केले तर सनद थांबते आणि वकीलपत्रावर केले तर सनद चालू राहते.

नुकती सनद घेतलेल्या मुलीला संस्था आपल्या वकिलांच्या पॅनेलवर घेणार नव्हती, हे उघडच होते. पण ज्या सिनिअरांकडे ती जाणार होती ते दुसऱ्या एका संस्थेच्या पॅनेलवर होते. त्यांनी पतसंस्थेच्या व्यवस्थापकांशी बोलून काम आपल्या कार्यालयाकडे घेतले, आणि तयार केलेल्या प्रत्येक अर्जामागे फीचा ठरावीक वाटा तिला द्यायचे कबूल केले. संस्थेलाही हे सोयीचे पडले, कारण महिन्याचा बांधील खर्च वाचला. पगार मागायला गेलेल्या मुलीने फी मागून यावे, हे धाडस ती एकटी करू शकली नसती, आणि सिनिअरांच्या जागी आणखी कोणी असते तर कदाचित हा मार्ग निघालाही नसता. असे ज्येष्ठ प्रत्येकाला लाभत नाहीत, ही या प्रकरणाची एक मर्यादा मान्य करायला हवी.

ऑगस्टमध्ये तिची सनद झाली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा अधिक घेता येणार नाही असे सांगितले होते. त्याआधी हा खर्च हजारांत जात असे, त्यामुळे या घराला मोठाच दिलासा मिळाला. तीन वर्षांची मोजणी वकिलीच्या पात्रतेसाठी असलेल्या अखिल भारतीय बार परीक्षेच्या निकालापासून न होता तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून होते, हेही २० मे च्या निकालाने स्पष्ट केले आहे. म्हणून निकालपत्रिका हातात येताच एक दिवसही न दवडता अर्ज करणे महत्त्वाचे असते. तिच्या वर्गातील काही मुले ‘आधी बार परीक्षेचा अभ्यास, मग सनद’ असे म्हणत थांबली. त्यांचे तेवढे महिने गेले.

तालुक्याच्या कागदांतून मिळालेले काम

सिनिअरांच्या कार्यालयात कोर्टाच्या कामाव्यतिरिक्त बँकांच्या कर्जप्रकरणांसाठी मालमत्तेच्या हक्कांचा शोध घ्यायचे काम येत असे. वकिलांच्या भाषेत याला ‘सर्च’ म्हणतात. दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांच्या सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या, नोंदी पाहायच्या, सातबारा आणि त्यावरील प्रत्येक फेरफार काढायचा, संगणकीकरणापूर्वीच्या हस्तलिखित वह्या धुंडाळायच्या आणि मालकीची साखळी कुठे तुटते का, हे अहवालात लिहायचे. पुष्कळ ज्युनिअर हे काम कंटाळवाणे समजून कारकुनावर सोडतात. तिने मात्र ते मन लावून केले.

एका शेतजमिनीचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. चालू सातबाऱ्यावर एकट्या खातेदाराचे नाव होते, इतर हक्कांच्या रकान्यात बोजा नव्हता आणि अर्जदाराला कर्जाची घाई होती. तिने मागे जात जात आजोबांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार काढला. त्यात थोरल्या मुलाचे नाव ‘ए.कु.पु.’ म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी म्हणून लागलेले होते. पुढे सातबाऱ्याचे पुनर्लेखन झाले तेव्हा ही तीन अक्षरे गळून गेली आणि थोरला मुलगा कागदोपत्री एकटाच मालक दिसू लागला. चालू खातेदार हा त्याचा मुलगा होता. म्हणजे धाकट्या भावाच्या शाखेचा हिस्सा तर होताच, शिवाय आत्यांच्या आणि बहिणींच्या हक्काचा प्रश्न उभा राहत होता. महाराष्ट्राने मुलींना सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील वाटेकरी) म्हणून हक्क १९९४ च्या दुरुस्तीने दिला, केंद्राने २००५ मध्ये आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्माने मिळतो हे स्पष्ट केले. विवाहाच्या आणि वाटपाच्या तारखा पाहिल्याशिवाय कोणाचा हिस्सा किती हे सांगता येणार नव्हते. तिने अहवालात हे सारे क्रमाने मांडले आणि इतर हिस्सेदारांची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र आल्याखेरीज ही जमीन तारण घेऊ नये असे लिहिले. कर्ज लांबले, अर्जदार नाराज झाला. पण त्यानंतर बँकेच्या शाखेने पुढची प्रकरणे सिनिअरांकडे पाठवताना ‘सर्च मॅडमनीच करावा’ असे कळवले. वर्गात हिंदू वारसा कायदा शिकवताना मी हे आडनावे काढलेले प्रकरण आता दरवर्षी फळ्यावर मांडणार आहे, कारण कायद्याचे कलम आणि तलाठ्याच्या दप्तरातली शाई यांची गाठ असे कागद हातात घेतल्याशिवाय समजत नाही.

त्याच ऑगस्टमध्ये आमच्या भागात फार मोठी घटना घडली. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१(३) खाली मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालू लागली. ज्या अपिलासाठी पक्षकाराला आणि त्याच्या वकिलाला मुंबई गाठावी लागत होती ते आता सांगलीपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास आले. चार दशकांहून जुनी ही मागणी पूर्ण झाल्याचा आनंद पक्षकारांना झाला, तसा तो वकिलांनाही झाला. पण या बदलाने नव्या वकिलांसाठी नेमके कोणते काम निर्माण झाले, याची चर्चा मला फारशी ऐकू आली नाही.

काम असे आहे. १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. वादपत्र, कैफियत, सरतपास, उलटतपास, पंचनामे, जबाब आणि कित्येकदा निकालही मराठीत असतो. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत चालते. म्हणून अपिलासोबत जाणाऱ्या मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे करावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणलेली ‘सुवास’ ही यंत्रभाषांतराची प्रणाली इंग्रजी निकालपत्रे भारतीय भाषांत आणण्यासाठी उपयोगी पडते. पण तालुक्यातल्या साक्षीदाराने बोलीत दिलेले आणि लघुलेखकाने घाईत टिपलेले उत्तर इंग्रजीत नेताना त्या वादाची फाइल माहीत असलेला माणूसच लागतो. आमच्या विद्यार्थिनीची मराठीतली बी.ए., दोन्ही भाषांतले टंकलेखन आणि तालुक्याच्या कागदांचा सराव या गोष्टी पहिल्यांदाच एकत्र आल्या. सिनिअरांच्या ओळखीच्या कोल्हापुरातील दोन वकिलांनी तिला दुसऱ्या अपिलांची, म्हणजे खालच्या न्यायालयाच्या अपिली निकालावर उच्च न्यायालयात होणाऱ्या अपिलांची, कागदपत्रे पानाच्या दराने द्यायला सुरुवात केली. माहितीपत्रात तळाशी लिहिलेली ती ओळ आता तिच्या उत्पन्नाचा सर्वांत भरवशाचा भाग आहे.

हे काम हलक्या हाताने घेण्यासारखे नाही. दुसरे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच दाखल होते आणि तो प्रश्न पुष्कळदा एखाद्या दस्तातल्या एकाच वाक्यावर उभा असतो. आमच्याकडे पूर्वी सावकारी कर्जापोटी सर्रास होणारी मुदत खरेदी (मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत, अशा बोलीची) ही विक्री की गहाण, याचा निर्णय परतफेडीची अट त्याच दस्तात आहे की नाही यावर फिरतो. भाषांतरकाराने अट सैल शब्दांत मांडली तर पक्षकाराची जमीन जाऊ शकते. म्हणून तिने सुरुवातीची काही भाषांतरे सिनिअरांकडून मूळ कागदाशी ओळीओळीने ताडून घेतली, आणि शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश हाताशी ठेवून प्रत्येक संज्ञा शेवटपर्यंत एकच राहील याची काळजी घेतली.

जे पर्याय मागे राहिले

दोन मार्ग आम्ही बाजूला ठेवले, पण सोडले नाहीत. पहिला विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी साहाय्य संरक्षण वकील योजनेचा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेत सहायक वकिलाचे पद शून्य ते तीन वर्षांच्या अनुभवासाठीच आहे. दरमहा ठरलेले मानधन मिळते आणि न्यायालयात आरोपीच्या बाजूने प्रत्यक्ष उभे राहावे लागते. न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून चांगली शाळा मिळणे अवघड आहे, कारण कोठडीतल्या गरीब माणसाची बाजू ज्याने मांडली आहे तो उद्या रिमांडच्या अर्जावर सही करताना दोनदा विचार करील. अर्थात तिथे खासगी प्रकरणे घेता येत नाहीत आणि जागा जाहिरात निघेल तेव्हाच भरतात. तिच्या जिल्ह्यात त्या वेळी जागा नव्हती. जाहिरात आली तर अर्ज करायचा, हे ठरलेले आहे.

दुसरा मार्ग न्यायमूर्तींकडील विधी लिपिकाचा, म्हणजे लॉ क्लार्कचा. हा अनुभव तीन वर्षांत धरावा असे २० मे च्या निकालातच म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयात या पदाला २०२४-२५ साठी दरमहा ८०,००० रुपये होते; मुंबई उच्च न्यायालयही असे लिपिक नेमते. मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजीच्या धास्तीने हा अर्जच भरत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. निकालपत्राचा गोषवारा लिहिणे ही सरावाने येणारी गोष्ट आहे, आणि रोज मराठी कागद इंग्रजीत नेणाऱ्या मुलीचा तो सराव तर आपोआप होत आहे. पुढच्या वर्षी तिने हा अर्ज भरावा असा माझा आग्रह आहे. मध्यस्थीचे क्षेत्र २०२३ च्या कायद्याने वाढणार हे खरे असले, तरी नवख्या वकिलाला तिथे तूर्त फारसे काही नाही.

नोव्हेंबरच्या ३० तारखेला तिने बार परीक्षा दिली. सहा हजारांचे विद्यावेतन, वसुली अर्जांच्या फीतला वाटा, सर्च, भाषांतर आणि रविवारी विधी प्रवेश परीक्षेच्या मुलांची शिकवणी असे सगळे धरून पतसंस्थेने देऊ केलेल्या पगाराच्या आसपास ती काही महिन्यांत पोहोचते, काही महिन्यांत पोहोचत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत कोर्टे थंडावली की भाषांतरेही कमी होतील, याची तिला कल्पना आहे. भावाच्या शेवटच्या वर्षाच्या शुल्कासाठी वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढले आहे. तिच्या कमाईने ते टळले नाही. जेएमएफसीच्या अभ्यासाला रोज जेवढा वेळ मिळायला हवा तेवढा मिळत नाही, ही तिची सर्वांत मोठी तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

आमच्या महाविद्यालयात या प्रकरणानंतर दोन गोष्टी बदलल्या. करिअरच्या संधींची छापील यादी वाटणे बंद केले. आता पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रत्येक पर्यायापुढे सनद चालू राहते की थांबते, मोबदला पगाराच्या रूपाने मिळतो की फीच्या आणि पुन्हा न्यायालयाकडे वळायचे झाल्यास मधला काळ अनुभवात धरला जातो की नाही, हे समजावून सांगतो. आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन एका जमिनीचा तीस वर्षांचा सर्च त्यांच्याकडून करून घेतो. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात व्यावहारिक प्रशिक्षणाचे पेपर आहेतच. त्यांच्या वह्या एकमेकांच्या पाहून भरल्या जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. तोच वेळ आम्ही या कामाला दिला.

तिला एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवसापासून करायला सांगितली आहे. ज्या प्रकरणात ती उभी राहते त्याचा सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट प्रणालीतील प्रकरणाचा ओळख क्रमांक), तारीख, न्यायालय आणि त्या दिवशी काय झाले, हे ती एका वहीत लिहिते. वकीलपत्रावर सिनिअरांसोबत आपले नाव आणि सही आहे ना हे पाहते, आणि रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत, आपली हजेरी नोंदली गेली असेल तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावरून त्याची प्रत काढून ठेवते. ऑगस्ट २०२८ मध्ये दाखल्यासाठी अर्ज करताना सही करणाऱ्या वकिलाने आणि जिल्हा न्यायाधीशांनी तिच्या शब्दावर विसंबून राहू नये, कागद पाहून सही करावी, यासाठी ही तयारी आहे. तोवर तिला न्यायाधीश व्हायचे आहे की कोल्हापूरच्या बेंचपुढे अपिले चालवायची आहेत, हेही कदाचित बदललेले असेल. गेल्या भेटीत तिने दुसऱ्या अपिलाचा एक मसुदा मला दाखवायला आणला होता, आणि परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा त्याच मसुद्यावर ती अधिक वेळ बोलत होती.